पुढे चालणारा शिपाई

आमीरने सुटीला येताना दोह्याहून कॉम्प्युटर आणला आणि तो तिकडे नोकरीवर परत गेला. तेव्हापासून मिरकरवाड्यातल्या घरी त्याचा धाकटा भाऊ अद्नान कॉलेजातून आला की लढाईचा गेम लावून बसे. एकट्यानेच खेळायचा गेम. पडद्यावर स्वतःची फक्त बंदूक दिसायची आणि एक शिपाई वाट दाखवत पुढे चालायचा.

एका दुपारी आमीरची बायको तस्नीम चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. तो शिपाई उजवा पाय किंचित ओढत चालत होता. होडीवरून पडल्यापासून आमीर अगदी तसाच चालायचा.

"काय केलंस रे याला?" तिने विचारलं.

"मी काय करणार, भाभी? सीडीत आहे तसंच आहे. पण कालपासून हा असा चालतोय खरा."

तिला ते पटलं नाही. दिराला लोकांच्या नकला करायची खोड होती. ती त्याच्या बोटांवर नजर ठेवून राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. आमीर होता, रस्त्यावरून बोलत होता, पण आवाज दबका होता.

"बरे आहात ना?" तिने विचारलं.

"बरा आहे. पण कालपासून माझ्या मागून कोणीतरी चालतंय. वळलो की दिसत नाही. आत्ताही पावलं ऐकू येतायत."

तस्नीमने अद्नानचा हात धरून कीबोर्डवरून उचलला. पडद्यावरची बंदूक जागीच थांबली.

पलीकडे आमीर क्षणभर ऐकत राहिला.

"थांबला," तो हळूच म्हणाला. "थांब, आता वळून बघतो."

पडद्यावरचा शिपाई मान वळवू लागला.