तासलेलं दार

घराखालची मुख्य तुळई कुजत होती आणि वर बाबा दर वर्षी स्वयंपाकघराचं दार तासत होते. घर खचलं की चौकट तिरकी व्हायची, दार अडकायचं, बाबा रंधा काढायचे. आई चिडायची, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" बाबा हसून म्हणायचे, "लागतंय ना आता? झालं तर मग!" बाबा गेल्यावर शेवटी आईनेच सुताराला बोलावलं. त्याने जॅक लावून घर उचललं, नवी तुळई बसवली. कुरकुरत सगळं सरळ झालं. आईने दार लावून पाहिलं. बाबांनी वर्षानुवर्षं तासलेल्या वरच्या कडेला हात जाईल एवढी तिरकी फट पडली. "दार गेलं, मावशी," सुतार म्हणाला. "नवं करून देतो." आई टाचा उंचावून कडेवरून बोटं फिरवत राहिली. "दार हेच राहू दे," ती म्हणाली. "घर जरा खाली घेता येईल का?"