पंचवीस नंबरचं दार

कंपनीतून बाहेर जाणारी प्रत्येक मेल सकाळपासून परत येत होती. लशी कधी पोचतील हे दवाखान्यांना कळवणाऱ्या मेल, आणि समोरचे सर्व्हर त्यांना उंबऱ्यावरूनच हाकलत होते. कारण सूनबाईने शोधून काढलं. मेल सर्व्हरचा पंचवीस नंबरचा पोर्ट, म्हणजे टपाल टाकायचं जुनं दार, आतल्या सगळ्या मशिनांना सताड उघडं होतं. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. कोणीही यावं आणि कंपनीच्या नावाने टपाल टाकून जावं. हिशेब खात्यातल्या एका व्हायरस शिरलेल्या कॉम्प्युटरने नेमकं तेच केलं होतं. भलत्यासलत्या जाहिराती जगभर वाटून त्याने कंपनीच्या तोंडाला काळं फासलं होतं.

सूनबाई हे काही तिचं पद नव्हे. इथलं सगळं नेटवर्क तिच्या सासूबाईंनी उभं केलेलं. त्या निवृत्त झाल्या आणि ही रीतसर मुलाखत देऊन त्या खुर्चीत बसली. लोकांनी मुलाखत विसरून नातं तेवढं लक्षात ठेवलं. जरा काही बिघडलं की कोणीतरी उसासा टाकायचंच, "सासूबाई असत्या तर!" आज मात्र दाखवूनच द्यायचं, असं तिने ठरवलं.

तिने सगळ्यांना पासवर्डच्या नव्या दाराकडे वळवलं. पंचवीसवर विनापासवर्ड टपाल टाकायच्या सवलती एकेक करून काढल्या. शेवटी एक उरली. सासूबाईंच्या काळातली, एकाच मशिनपुरती. ते मशीन कुठलं, ऑफिसात कुणालाच सांगता येईना. घरी फोन करून विचारता आलं असतं. पण मग जिंकलं कोण? सासूबाईंचाच एक नियम तिला पाठ होता: मालक सापडत नसेल तर दार लाव आणि कोण ओरडतं ते ऐक. तिने दार लावलं.

कोणीही ओरडलं नाही. दुपारपर्यंत मेल सुरळीत जाऊ लागल्या. साहेब स्वतः येऊन शाब्बास म्हणाले.

तेवढ्यात खिडकीतून मामा धावताना दिसले. शीतगृह सांभाळणारे मामा म्हणजे कंपनीचं कौतुक. थंडावा कमी होऊ लागला की अलार्म वाजायच्या आत ते हजर, मग वेळ कुठलीही असो. "मामांना वास येतो," असं साहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगत. सूनबाई मागोमाग पळाली. मामा लशींच्या रॅकसमोर धापा टाकत उभे होते. तापमान जागच्या जागी होतं.

"काय झालं मामा? वास आला?"

"कसला वास घेऊन बसलात! तुमच्या सासूबाईंचा फोन येतो, मी पळतो. आज म्हणाल्या, थर्मामीटर एकदम गप्प झालाय, आधी लशी बघा." मामा जरा घुटमळले. "तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. सुनेला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही."

त्यांनी मागच्या भिंतीवरच्या थर्मामीटरच्या जुनाट डबीकडे बोट दाखवलं. पासवर्ड कशाशी खातात हे त्या डबीला ठाऊक नव्हतं. पंचवीसच्या दारातून ती तासातासाला आतलं तापमान तेवढं कळवायची, एकाच पत्त्यावर. सूनबाईला सासूबाईंच्या उशाशी रात्रभर लुकलुकणारा मोबाइल आठवला. "म्हातारपणी कसलं हे वेड, आई!" असं ती त्यांना कितीदा तरी चिडवत आली होती, आणि त्या नुसत्या हसायच्या. ना पगार, ना मान. कौतुक सगळं मामांच्या नाकाला. तिला सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

तिने जागेवर जाऊन तेवढं एक दार पुन्हा उघडलं आणि घरी फोन लावला.

"आई, आता निरोप येईल. आजपासून तो मलाही यायची सोय केलीय. तुम्ही रात्री निवांत झोपत जा."

"दिवसा तू बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीचा मात्र मला येऊ दे. तो आला की मगच डोळा लागतो माझा."