स्क्रीनवर सगळं हिरवं

"मॅडम, आधी एकदा कापायचं टूल ठोकळ्याला न लावता, वरून हवेतच फिरवून बघू या," साहेब म्हणाले. पार्टसाठी लागणाऱ्या धातूचा ठोकळा एकच उरला होता आणि गिऱ्हाईक तो घेऊन जायला केबिनमध्ये येऊन बसलं होतं.

"मग सिम्युलेशन कशाला घेतलंय आपण, साहेब?" मी म्हणाले. ते सॉफ्टवेअर माझ्याच हट्टाने आलं होतं. टूल कुठून कसं जाणार, हे मी सकाळीच स्क्रीनवर पूर्ण चालवून पाहिलं होतं. कुठेही टक्कर नाही, सगळं हिरवं. मी ऑपरेटरदादांना मशीन सुरू करायची खूण केली.

पहिल्याच फेरीत टूल ठोकळा धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर आदळलं. टूल मोडलं आणि ठोकळ्यावर खोल चरा पडला.

"हिरव्या रंगाला लोखंड दिसत नाही वाटतं," ऑपरेटरदादा पुटपुटले.

"सॉफ्टवेअरमध्येच घोळ आहे," मी जाहीर केलं, फाइल हेल्पलाइनला पाठवली आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर लावला. पलीकडच्या मुलीला चांगलंच फैलावर घेतलं.

"मॅडम, फाइलमध्ये क्लॅम्प आहेत," ती नम्रपणे म्हणाली, "पण कुणीतरी ते स्क्रीनवरून लपवलेत. लपवलेली वस्तू सिम्युलेशन धरतच नाही. कुणी लपवले असतील?"

 

टूल कुठे आदळत तर नाही ना, हे नीट दिसावं म्हणून मध्ये येणारे ते क्लॅम्प सकाळी मीच लपवले होते.