उतारावरची दोन बोटं

घाटमाथा मागे पडला आणि मार्जीचा हात सवयीने खिडकीवरच्या कडीकडे गेला. आर्लनने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मागच्या ट्रेलरमध्ये चार कालवडी, समोर सहा मैलांचा उतार, आणि बुडाखाली कालच घेतलेला मोठा ट्रक.

तो वाट बघत होता. आता पहिलं वळण येणार, ट्रेलर मागून ढुशा देणार, स्टिअरिंग थरथरणार, ब्रेकचा जळका वास सुटणार. जुन्या मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये दोन वर्षं हेच चाललं होतं. ती गाडी ट्रेलर ओढायची कसली, ट्रेलरच तिला पुढे घालून हाकायचा.

वळण आलं आणि गेलं. ट्रक आपला खालच्या गिअरमध्ये घुमत, सावकाश उतरत राहिला.

"झालं?" मार्जीने विचारलं.

"काय?"

"वळण."

"झालं की."

तिने कडी सोडली. "अगं बाई," म्हणाली, आणि हसायलाच लागली. आर्लनचाही जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर त्याला रडू यायच्या बेतात होतं, पण साठी उलटलेल्या माणसाने गिअरपायी रडायचं म्हणजे अतिच झालं.

शिवाय अर्धाच जीव भांड्यात पडला होता. येत्या शनिवारी त्याच्याकडे मालकीच्या खुणेसाठी वासरं डागायची होती, चांगली दीडशे. हे काम शेजाऱ्यांच्या जिवावर होतं. ते आपल्याकडे येतात, आपण त्यांच्याकडे जायचं, वायोमिंगमध्ये आज्यापणज्यांपासून हेच चालत आलंय. आणि यंदा शेजारच्या ड्वेनने आपल्या डागणीला आर्लनला बोलावलंच नव्हतं. ड्वेन येणार नाही म्हणजे त्याचे तिघे मुलगे नाहीत, दोघे मेव्हणे नाहीत. मग काय, नवराबायकोने मिळून दीडशे वासरं आडवी पाडायची?

कारण कळलं ते मागच्या रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर. ड्वेन म्हणे सगळ्यांना सांगत होता, "तीन वेळा घाटात समोरून गेला. बोट उचललं नाही पठ्ठ्याने."

त्या खोऱ्यात समोरून अनोळखी गाडी आली तरी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतात. ओळखीच्याला न उचलणं म्हणजे उघडउघड नातं तोडणं. पण आर्लन उचलणार कुठून? दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, नजर दरीच्या कडेवर. आणि हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? कॅफेत बसून, ड्वेनच्या देखत, आर्लनच तर म्हणाला होता, "एवढी धुडं कशाला लागतात रे तुम्हाला? गाडी चालवता येत असली की लहान गाडी पुरते." स्वतःच हात दाखवून अवलक्षण करून घेतलेलं.

शेवटचं वळण संपलं. अजून अर्धा मैल उतार होता. खालून एक पांढरा ट्रक चढत येत होता.

"ड्वेनच आहे," मार्जी म्हणाली. "उचल."

आर्लनने दोन बोटं उचलली. मग न राहवून अख्खा पंजाच. समोरूनही लगेच दोन बोटं वर झाली, कारण हा ट्रक ड्वेनच्या ओळखीचा नव्हता. ट्रेलर मात्र होता. पुढच्याच क्षणी आर्लनला आरशात ब्रेकचे लाल दिवे दिसले.

"थांबला गं तो."

"मग तूही थांब. आणि खरं सांग. ऊन डोळ्यांवर येत होतं, असलं काही सांगू नकोस."

आर्लनने ट्रक थांबवला. ड्वेन ट्रक मागे घेत आला आणि खिडकीला खिडकी लावून उभा राहिला.

"तू होय!" तो म्हणाला. "माहीत असतं तर उचललं नसतं."

"ठाऊक आहे."

"आणि हे धूड कुणाचं? तुला लहान गाडी पुरते ना?"

आर्लनने इंजिन बंद केलं. "मला त्या गाडीत भीती वाटायची, ड्वेन. उताराला ट्रेलर मागून ढकलायचा. एक हात सोडला असता तर दरीत गेलो असतो. तू दिसत होतास मला. तिन्ही वेळा दिसलास."

ड्वेनने टोपी मागे सारली. कालवडींकडे पाहिलं, मग मार्जीकडे. "खरं बोलतोय हा?"

"मी तर डोळेच मिटून घ्यायचे," मार्जी म्हणाली.

"अरे गाढवा!" ड्वेन असा ओरडला की ट्रेलरमधल्या कालवडी बिचकल्या. "माझ्या अंगणात दोन दोन ट्रक उभे असतात. किल्ल्या आतच असतात. घेऊन जायचा होतास! विचारायचीसुद्धा गरज नव्हती."

दोन वर्षं आर्लन त्या अंगणावरूनच तर घाटाकडे जात होता. ड्वेनच्या मागे खालून आलेली एक गाडी थांबली होती, आणि तिचा चालक हॉर्न न वाजवता यांचं संपायची वाट बघत होता.

"शनिवारी किती वाजता?" ड्वेनने विचारलं.

"सहाला."

"साडेपाचला येतो. सगळ्यांना घेऊन." त्याने गिअर टाकला, आणि पुन्हा खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पण मार्जी, हा तर मूर्ख आहेच. एवढी भीती वाटत होती तर तू कशाला बसायचीस त्या गाडीत?"

"मग काय," मार्जी म्हणाली, "याला एकट्याला जाऊ देऊ दरीत?"