टेबलाखालचा झेंडू

पूजेसाठी बंद केलेले ऑफिसचे फोन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरूच होईनात. "मासे विकायचे सोडून नेटवर्क सांभाळायला निघाली!" बोईसरच्या कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांसमोर दांडीच्या कोळीवाड्यातून आलेल्या वैभवीवर खेकसला. "ज्याची चूक, त्यानं इथंच कान पकडायचे!" वैभवीनं दातओठ खाल्ले. हे फोन नेटवर्कवर चालणारे; सुरू होताना प्रत्येक फोन नेटवर्ककडं स्वतःचा पत्ता मागतो. तिनं तपासलं, तर आज कुठलंतरी परकं यंत्र मधेच खोटे पत्ते वाटत होतं. वायरचा माग काढत ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. टेबलाखाली त्यानं घरून आणून जोडलेला राउटर होता, कुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. "पूजेचा आहे, हात लावू नकोस!" तो ओरडला. तिनं राउटरच उपटला. ऑफिसभरचे फोन जागे झाले. रिसेप्शनवरून तिनं स्पीकरवर केबिनला फोन लावला. "साहेब, राउटर माळेसकट काउंटरवर ठेवलाय. कान पकडायला तुमी बाहेर येताय, की आमी आत येऊ?"