उपडा डबा

आरोग्य उपकेंद्रात मोडेम बसवायला आलेल्या तनुजाला त्यावर सिग्नलचा एकच दिवा लागलेला दिसला. काल छतावर अँटेना लावला तेव्हा चार लागले होते. आज किमान तीन नसले, तर ईसीजी काढून शहरातल्या डॉक्टरांना पाठवणारं मशीन दुसऱ्या गावी जाणार होतं.

तिने सिम बदललं, वायरी आवळल्या. शेवटी शिडी चढून छतावर गेली, तर अँटेनावर स्टीलचा डबा उपडा घालून सुतळीने बांधलेला.

"हा उद्योग कुणाचा?" ती ओरडली.

"माझा गं बाई," खालून शेजारची धोंडाआजी म्हणाली. "रात्री दव पडतं. उघडाच उभा होता बिचारा."

आजीचा नवरा छातीत कळ येऊन तालुक्याच्या वाटेवर जीपमध्येच गेला, हे नर्सने कालच सांगितलं होतं. तनुजाचा राग ओसरला.

"आजी, स्टीलमधून त्याला ऐकू येत नाही," म्हणत तिने डबा काढला.

"चार लागले!" आतून नर्स ओरडली.

निघताना तनुजाने वर पाहिलं. अँटेनावर बांबूची टोपली होती. ती धावतच मोडेमपाशी गेली. चारही दिवे लागलेलेच होते.

खिडकीबाहेर शिडीवरून उतरता उतरता आजीने विचारलं, "आता ऐकू येतंय ना त्याला?"