तांदळावरचं नाव

बैठकीत अडकित्त्यात सुपारी कट्कन फुटली. टीपॉयवर विजयसिंहचा मोबाइल स्पीकरवर होता. तिकिटवाला आपलं सांगून थांबला होता.

"पुन्यांदा सांगा," विजयसिंहचे वडील म्हणाले. गेवराईत सगळे त्यांना आबा म्हणत.

"साहेब, चार तिकिटं बरोबर आहेत. तुमचं, आईसाहेबांचं, विजयसिंहांचं, छोट्या धनश्रीचं. वहिनींच्या तिकिटावर मात्र नाव सत्यशीला आहे आणि पासपोर्टवर अंजू. त्यांना विमानात घेणार नाहीत. अन् त्या विमानात आता एकही जागा शिल्लक नाही."

"अहो, दोन्ही एकच हायत. सून हाय ती आमची."

"मला पटतंय, साहेब. कंपनीला नाही पटायचं."

"भरल्या मांडवात तांदळावर अंगठीनं लिहिलंय नाव. अख्खी गेवराई साक्षीला होती. तहसीलदाराचा दाखला देऊ का, बोला."

"तिथं दाखला चालत नाही, साहेब."

फोन बंद झाला.

त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. तीन महिने, लेक धनू शाळेत गेली की, दुपारी घरच्यांचा डोळा लागला की, ती त्या वहीत स्पेन लिहीत होती. माद्रिदहून सेव्हिलची गाडी अडीच तासांची, आबांना खिडकी. सेव्हिलच्या रस्त्यांवर हिवाळ्यात झाडं संत्र्यांनी लगडलेली, पण ती संत्री कडू. धनूला तोंडात घालू द्यायची नाहीत. ग्रनाडात थंडी कडक, आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या. बार्सिलोनाच्या मुक्कामी चूल-भांडी मिळतात, तर ज्वारीचं पीठ तिथवर पुरवायचं. 'विमानाचं तेवढं मी बघतो,' असं तिचा नवरा विजयसिंह म्हणाला होता, आणि एके दिवशी गाडी चालवता चालवता फोनवर पाच नावं सांगून मोकळा झाला होता.

"चारदा म्हणलं होतं, पासपोर्ट बघून नावं द्या," ती म्हणाली.

"पासपोर्टचा गठ्ठा मागून पाठवला ना. तुझा उघडून कोण बघतंय? सात वर्षं झाली लग्नाला, तोंडात तेच नाव येणार माणसाच्या."

गीताबाई, तिच्या सासूबाई, दिवाणावर पाय चोळत बसल्या होत्या. "मी तवाच सांगितलं होतं, कागदं बदलून घ्या म्हणून. अंजू काय नाव हाय का? आपल्या गोठ्यात शेळी होती अंजू नावाची. बघा, शेवटी घोळ केलाच हिच्या नावानं."

"माझ्या नावानं न्हाई, आत्या. तुमी ठेवलेल्या नावानं."

अडकित्ता हवेतच राहिला. या घरात तिचं वाक्य एवढं पुरं कधी झालं नव्हतं.

"मी दुसऱ्या विमानानं येते," ती पुढं म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटत होता. "एक दिवस मागून. मी बघून ठेवलंय, जागा हाय. माद्रिदच्या स्टेशनवर येऊन भेटते तुम्हाला."

विजयसिंह हसला. "एकटी? अगं, गेवराईच्या स्टँडवर कधी एकटी गेलतीस का?"

"जाऊ कुठं देता तुमी!"

"बास," आबा म्हणाले. त्यांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "सूनबाई, राग नको. पुढच्या खेपेला आपण सगळ्यात आधी तुझं तिकीट काढू. जनावरांकडं बी घरचं कुणीतरी पायजेच. धनूला संभाळतील गीताबाई."

"लई शहाणी हाय माझी धनू," गीताबाई म्हणाल्या. "रडायची बी न्हाई."

एवढ्यावर ते मिटलं. आबांनी चहा सांगितला. विजयसिंहनं तिकिटवाल्याला निरोप धाडला, चारच करा. मग त्याला काहीतरी आठवलं. त्यानं तिच्याकडं न बघताच हात पुढं केला.

"ती वही दे इकडं. तिथं आमाला कोण सांगणार, कुठं उतरायचं, काय खायचं?"

ती जागची हलली नाही. चुलीवर आधण उकळत होतं, झाकण थडथडत होतं. तिनं वही छातीशी धरली, लेकरू धरावं तशी.

"वही अंजूची हाय."

"काय?"

"वही अंजूची हाय. अंजू येणार असंल, तर वही येईल."

"अगं, कावून तमाशा करतीस? चार माणसांत —"

"आज चारच हायत," ती म्हणाली. "त्या दिवशी तर अख्खी गेवराई होती."

विजयसिंहचा हात तसाच पुढं राहिला. गीताबाईंनी पदर नीट केला. आबा खिडकीतून बाहेर बघू लागले, जणू रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरात एकदम काहीतरी महत्त्वाचं होतं.

खाली सतरंजीवर धनू पाचही पासपोर्ट ओळीनं मांडून बसली होती. विमान-विमान खेळणं चाललं होतं तिचं. आईचा पासपोर्ट तिनं उघडला. फोटोतली मुलगी लग्नाआधीची, मोकळ्या गळ्याची होती, थेट समोर बघणारी. धनूनं फोटोवरून बोट फिरवलं.

"आई, अंजू म्हणजे तूच ना? लहानपणची?"

"हो गं, बाळा."

"मग तू मोठी झालीस, अन् बाबांनी तांदळावर दुसरं लिहिलं?"

"हो."

धनूनं तो पासपोर्ट जपून मिटला. शेजारचा, सगळ्यात नवा, स्वतःचा उचलला. आपलं नाव तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, शाळेत शिकवलं तसं, आणि मान वर केली.

"आई, माझं कवा बदलायचं?"